फरशीच्या फटीत काय भरायचं? व्हाइट सिमेंट, सिमेंट ग्राउट आणि इपॉक्सी ग्राउटचं परीक्षण

टाइल निवडायला घरातले चौघं मिळून दुकानाच्या तीन चकरा मारतात. टाइल्समधल्या फटीत भरायचा माल, म्हणजे ग्राउट, मात्र काम संपत आल्यावर आठवतं. मिस्त्री फोन करतो, "साहेब, दोन किलो व्हाइट सिमेंट आणि रंगाची पुडी पाठवा," आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमधून पंधरा मिनिटांत माल येतो. पहिल्या पावसाळ्यात बाथरूमच्या जमिनीवरच्या रेघा काळ्या पडायला लागतात. वर्षभरात नहाणी ट्रॅपच्या (पाणी जायच्या जाळीच्या) कडेचा माल निघून जातो. मग बोल लावला जातो टाइलच्या कंपनीला.

सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यात घर बांधणाऱ्यांसमोर आज तीन पर्याय असतात: सुटं व्हाइट सिमेंट, पॉलिमर मिसळलेलं तयार सिमेंट ग्राउट (रॉफचं रेनबो टाइल मेट हे त्यातलं ओळखीचं नाव) आणि सिमेंटऐवजी रेझिनचं, तीन भागांत येणारं इपॉक्सी ग्राउट (एमवायके लॅटिक्रीटचं एसपी-100 हे त्यातलं). कंपन्या आणखीही आहेत, सेंट-गोबेनचं वेबर आहे. पण कंपनी कोणती यापेक्षा प्रकार कोणता आणि तो भरला कसा, यावर फरशीचं आयुष्य जास्त ठरतं. म्हणून हे परीक्षण प्रकारांचं आहे.

निकाल आधीच सांगतो. बाथरूमची जमीन, स्वयंपाकघराच्या ओट्यामागची भिंत आणि सिंकच्या भोवतालचा भाग इथे इपॉक्सी घ्या, पैसे वसूल होतात. हॉल, बेडरूम, जिना आणि बाथरूमच्या भिंतींना चांगलं सिमेंट ग्राउट पुरतं. व्हाइट सिमेंट कुठेच नको.

फट ठेवायचीच कशाला, हा प्रश्न प्रत्येक साइटवर निघतो. "पेपर जॉइंट करून द्या, रेघ दिसायला नको" अशी मालकाची मागणी असते आणि मिस्त्रीही टाइलला टाइल चिकटवून मोकळा होतो. इथेच पहिली चूक होते. टाइल उन्हाने वाढते. व्हिट्रिफाइड (भाजून काचेसारखी घट्ट केलेली) टाइल एका अंश सेल्सिअसला साधारण दहा लाखात सात भाग, या हिशेबाने वाढते. दोन बाय दोनची, म्हणजे 600 मिलीमीटरची टाइल 40 अंशांच्या फरकाने जेमतेम 0.17 मिलीमीटर वाढेल. नगण्य वाटतं. पण 20 फुटांच्या गच्चीवर अशा दहा टाइल्स ओळीने असतात, त्यांची बेरीज पावणेदोन मिलीमीटरच्या आसपास जाते. घरात तापमानाचा फरक कमी असतो, पण तिथे दुसरी गोष्ट घडते. नवा स्लॅब सुकताना पहिली काही वर्षं आखडत राहतो आणि टाइल आखडत नाही. मग टाइल्स एकमेकींना रेटायला लागतात, आणि एखाद्या थंडीच्या रात्री फटाका फुटल्यासारखा आवाज होऊन हॉलच्या मधोमध दोन टाइल्स तंबूसारख्या उभ्या राहतात. "फरशी उडाली" म्हणतात ती हीच.

कडा मशीनवर घासून सारख्या केलेल्या, म्हणजे रेक्टिफाइड टाइलला किमान 2 मिलीमीटर फट हवी. साध्या सिरॅमिक टाइलमध्ये एकाच पेटीतल्या टाइल्सचं माप थोडं पुढेमागे असतं, तिथे 3 मिलीमीटर ठेवा. गच्ची, पोर्च, अंगण इथे 5. त्यासाठी स्पेसर (फट सारखी ठेवणारे प्लॅस्टिकचे तुकडे) घ्या. काडेपेटीच्या काड्या किंवा खिळे लावून फट सारखी येत नाही, आणि कमी-जास्त फटीत ग्राउटचा रंगही कमी-जास्त सुकतो.

भरलेली फट टाइलच्या कडांना आधार देते. रिकाम्या फटीत टाइलची कड उघडी असते, खुर्ची सरकली किंवा गॅसची टाकी आपटली की तिचा टवका उडतो. शिवाय पाणी, माती, मुंग्या, झुरळं यांना वाट मिळते. टाइल स्वतः पाणी जवळजवळ पीत नाही, व्हिट्रिफाइड टाइलचं पाणी शोषणं अर्ध्या टक्क्याच्या आत असतं. म्हणजे पाणी जे काही खाली जातं ते फटीतूनच जातं. जुन्या शहाबादी फरशीच्या दरजा वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा भरून घ्यायची पद्धत आपल्याकडे होती. टाइल आली आणि ती सवय सुटली, फट मात्र राहिली.

आता एकेक माल बघू.

व्हाइट सिमेंट

हे रंगाच्या प्राइमरला, पुट्टीला, मोझॅइकला चांगलं. फटीत भरायला नाही. त्यात पॉलिमर नाही, बारीक फिलर (भरावाची पूड) नाही, नुसतं सिमेंट आहे, आणि नुसतं सिमेंट पाण्यात कालवून भरलं की सुकताना आखडतं. टाइलच्या कडेपासून केसाएवढी चीर सुटते. उभं राहून बघितलं तर दिसत नाही. गुडघ्यावर बसा, मोबाइलचा टॉर्च जमिनीला लावून आडवा धरा, रेघेच्या दोन्ही बाजूंना काळी बारीक सावली दिसेल. बाथरूमचं पाणी रोज त्या चिरेतून उतरतं.

त्यातही काही ठिकाणी कोरडी पावडर फटींवर पसरतात, झाडूने आत लोटतात आणि वरून पाणी शिंपडतात. वरचा मिलीमीटरभर थर भिजून कडक होतो, खालची पावडर कोरडीच राहते. चार महिन्यांत तो पापुद्रा फुटतो. रंगाची पुडी अंदाजाने टाकलेली असेल तर प्रत्येक घमेल्याचा रंग वेगळा. स्वस्त म्हणून घ्यावं असंही नाही, आणि ते का, ते पुढे हिशेबात येईल.

सिमेंट ग्राउट

एक किलोच्या पिशव्यांत, तयार रंगात मिळतं. सिमेंट, बारीक फिलर, पॉलिमर आणि पाणी अडवणारे घटक कारखान्यातच मोजून मिसळलेले असतात. पिशवीच्या मागे बारीक अक्षरात वर्ग छापलेला असतो, तो वाचा. आयएसओ 13007 या आंतरराष्ट्रीय मानकात सिमेंट ग्राउटचे सीजी1 आणि सीजी2 असे दोन वर्ग आहेत, रेझिनच्या, म्हणजे इपॉक्सीसारख्या, ग्राउटचा वर्ग आरजी. सीजी2 च्या पुढे डब्ल्यू असेल तर ते पाणी कमी पितं, ए असेल तर झिजतं कमी. या अक्षरांचा अर्थ आकड्यांत असा: ठरावीक मापाचा नमुना चार तासांत सीजी1 मध्ये 10 ग्रॅमपर्यंत पाणी पिऊ शकतो, सीजी2 डब्ल्यूमध्ये 5 ग्रॅमपर्यंत, आणि आरजीमध्ये फक्त 0.1 ग्रॅम. झीज मोजली तर मर्यादा सीजी1 ला 2000, सीजी2 एला 1000 आणि आरजीला 250 घन मिलीमीटर. बाथरूमच्या जमिनीला इपॉक्सी का सांगतो, ते या दोन ओळींत आहे.

3 मिलीमीटरपर्यंतच्या फटीला बिनवाळूचं बारीक ग्राउट, त्याहून रुंद फटीला वाळूचं. रुंद फटीत बारीक ग्राउट भरलं की मधोमध तडे जातात. उलट बाजूने वाळूचं ग्राउट 2 मिलीमीटरच्या फटीत आत उतरत नाही आणि ग्लॉसी टाइलवर ओरखडे पाडतं. दुकानात पिशवी मागताना फटीचं माप सांगा, नुसता रंग सांगून भागत नाही.

रंगाबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: सिमेंट ग्राउटमध्ये गडद काळा आणि गडद तपकिरी टाळा. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर वर येऊन पांढरा लोणा धरतो, तो करड्यावर आणि बदामीवर लपतो, काळ्यावर राख उडवल्यासारखा दिसतो. शुभ्र पांढरा जमिनीवर टिकत नाही. टाइलपेक्षा अर्धी छटा गडद करडा जमिनीला सगळ्यात निभावून नेतो. गडदच हवा असेल तर इपॉक्सी घ्या, त्यात चुनाच नसल्याने लोणा येत नाही.

इपॉक्सी ग्राउट

डब्यात तीन गोष्टी निघतात: रेझिन, त्याला कडक करणारा हार्डनर आणि रंगाचा फिलर. यात पाणी अजिबात पडत नाही. पहिले दोन भाग एकजीव करायचे, मग फिलर थोडा थोडा घालत घोटायचा, पोळीच्या सैलसर कणकेसारखा माल होतो. सुकल्यावर तो पाणी पीत नाही, झिजत नाही, आणि बाथरूम धुण्याचं ॲसिड त्याला सिमेंटसारखं खाऊन टाकत नाही.

किंमत किलोला सिमेंट ग्राउटच्या साधारण चार-पाच पट. मजुरीही जास्त, कारण भरण्यापेक्षा पुसण्याला वेळ लागतो. आणि यात चुकीला माफी नाही. सिमेंट ग्राउट बिघडलं तर खरवडून काढता येतं. इपॉक्सीचा पातळ थर टाइलवर सुकला तर ती टाइल कायमची मेणचट, धुरकट दिसते, मग खास इपॉक्सी रिमूव्हर आणून तासन् तास घासत बसावं लागतं.

उन्हात पांढरं इपॉक्सी पिवळं पडतं. त्यामुळे गच्चीला, गॅलरीच्या बाहेरच्या कडेला पांढरं इपॉक्सी नको, करडं चालेल. संगमरवर किंवा कोटा असा पाणी पिणारा दगड असेल तर रेझिन कडेत मुरून दगडाला चहूबाजूंनी ओल्या चौकटीसारखी गडद किनार येते. आधी एका तुकड्यावर भरून दोन दिवस बघा.

हळद आणि ॲसिड

या दोन गोष्टींवर थोडं थांबायला हवं, कारण आपल्याकडच्या घरांत ग्राउटचं वाटोळं बहुतेक वेळा यांनीच होतं.

सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तीच हळद रोज फोडणीतून ओट्यामागच्या भिंतीवर उडते. हळदीचा रंग कर्क्युमिनचा. हा रंग तेलात विरघळतो आणि तेलाबरोबर सिमेंटच्या बारीक छिद्रांत शिरतो. त्यात सिमेंट क्षारीय. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो, हळदीत चुना कालवला की कुंकू होतं, तेच इथे होतं: ताज्या सिमेंट ग्राउटवर पडलेली हळद विटकरी डाग धरते. घासून तो जात नाही, कारण तो पृष्ठभागावर नसतो. कपड्यावरचा डाग उन्हात उडतो, पण ओट्यामागे ऊन कुठलं? म्हणून गॅसच्या मागे किमान तीन फूट उंचीपर्यंत इपॉक्सी. तिथेही शुभ्र पांढरं नको, रात्रभर राहिलेल्या ओल्या हळदीची पिवळी झाक त्यावरही उरते. बदामी किंवा फिकट करडं घ्या.

दुसरं ॲसिड. बोअरचं पाणी जड असलं की बाथरूमच्या टाइलवर पांढरे थर बसतात, आणि ते काढायला दर पंधरा दिवसांनी ॲसिड मारलं जातं. ॲसिड पडल्याबरोबर फटींत फेस येतो, "मळ निघतोय" म्हणून समाधान वाटतं. त्यात फटीतलं सिमेंटही विरघळत असतं. दहा-बारा वेळा असं केल्यावर रेघ टाइलच्या पातळीखाली दबते, तिच्यात साबणाचं पाणी साचतं आणि बुरशी धरते. बुरशी घालवायला पुन्हा ॲसिड. सिमेंट ग्राउट असेल तर ॲसिड पूर्ण बंद करा. साधं डिटर्जंट, नायलॉनचा ब्रश आणि आंघोळीनंतर वायपरने पाणी ओढणं, एवढ्यावर ते वर्षानुवर्षं टिकतं. नव्या घराचा ताबा देण्याआधी सिमेंटचे डाग काढायला कामगार ॲसिडने सगळी फरशी धुतात, तेव्हा कुणीतरी तिथे उभं राहून ते थांबवा.

दूध संकलन केंद्र किंवा छोटी डेअरी असेल तर सिमेंट ग्राउटचा विचारही करू नये. सांडलेलं दूध आंबून लॅक्टिक ॲसिड होतं आणि तेही असंच फट खातं, फक्त हळूहळू.

किती लागतं

सूत्र सोपं आहे. टाइलची लांबी आणि रुंदी यांची बेरीज भागिले त्यांचा गुणाकार, गुणिले टाइलची जाडी, गुणिले फटीची रुंदी, गुणिले 1.6. सगळी मापं मिलीमीटरमध्ये, उत्तर चौरस मीटरला किलोत.

हॉलला दोन बाय दोनची 9 मिलीमीटर जाड टाइल आणि 2 मिलीमीटर फट असेल तर चौरस मीटरला 0.096 किलो येतं. 500 चौरस फूट म्हणजे साडेशेहेचाळीस चौरस मीटर, म्हणजे साडेचार किलो. वाया जाण्यासाठी दहा टक्के धरून पाच पिशव्या आणा.

पाच बाय आठ फुटांचं बाथरूम घ्या. जमिनीला बारा बाय बारा इंचांची, म्हणजे 300 मिलीमीटरची, 8 मिलीमीटर जाड टाइल आणि 3 मिलीमीटर फट: चौरस मीटरला 0.256, 40 चौरस फुटांना जवळजवळ एक किलो. भिंतींना बारा बाय अठरा इंचांची, म्हणजे 300 बाय 450 मिलीमीटरची, 8 मिलीमीटर जाड टाइल, 2 मिलीमीटर फट, सात फूट उंची, दार वजा जाऊन 165 चौरस फूट: सव्वादोन किलोच्या आसपास. म्हणजे जमिनीला एक-सव्वा किलो इपॉक्सी आणि भिंतींना अडीच किलो सिमेंट ग्राउट, एवढ्यात एक बाथरूम होतं.

आता पैसे. किलोला 80 रुपये धरले तर हॉलच्या फरशीला सिमेंट ग्राउटचा खर्च चौरस फुटाला रुपयाच्याही आत बसतो, सत्तरेक पैसे. टाइल पन्नास-साठ रुपये फूट. व्हाइट सिमेंट आणून यातले चाळीस-पन्नास पैसे वाचतात. इपॉक्सी 400 रुपये किलो धरलं तरी त्याच फरशीला साडेतीन-पावणेचार रुपये फूट. बाथरूमच्या जमिनीला पूर्ण मिळून चार-पाचशे रुपयांचा माल. भाव दुकानागणिक बदलतील, पण प्रमाण हेच राहील.

मिस्त्री जर म्हणाला की हॉलला दोनच किलो लागलं, तर खुश होऊ नका. फटीत आधीच टाइलखालचा माल वर आलेला आहे आणि ग्राउट वरवर फासलंय, हा त्याचा अर्थ.

भरायचं कसं

निम्मं काम टाइल बसवतानाच होतं. टाइल दाबली की खालचा माल किंवा ॲडहेसिव्ह फटीतून वर येतं. ते त्याच दिवशी, ओलं असताना, पातळ पट्टीने खरवडून काढायचं. टाइलच्या जाडीचा किमान दोन तृतीयांश भाग मोकळा हवा, 9 मिलीमीटरच्या टाइलला 6 मिलीमीटर खोल. दुसऱ्या दिवशी ते दगड झालेलं असतं आणि कुणी काढत नाही. साइटवर संध्याकाळी चक्कर मारलीत तर एक गोष्ट करा: जुनं एटीएम कार्ड फटीत उभं घालून बघा, किती आत जातंय.

ॲडहेसिव्हवर बसवलेल्या टाइलला 24 तासांनी ग्राउट भरता येतं. सिमेंट-वाळूच्या मालावर बसवली असेल तर आठवडाभर थांबा, खालची ओल वर निघू द्या. घाई केली की तीच ओल ग्राउटमधून बाहेर पडते आणि रेघांवर रंगाचे ढग उठतात.

फटी झाडून, शक्य तर व्हॅक्यूमने साफ करा. भिंतीची सिरॅमिक टाइल कडेने पाणी पिते, तिच्या फटी ओल्या स्पंजने हलक्या भिजवून घ्या, पाणी साचू देऊ नका. हे राहिलं तर टाइल ग्राउटमधलं पाणी ओढून घेते आणि बोटाने घासलं तरी पावडर निघते.

पाणी मापाने. एक किलोला साधारण 280 ते 350 मिली, नेमका आकडा पिशवीवर असतो. एक लिटरची पाण्याची बाटली घेऊन तिच्यावर मार्करने खूण करा आणि प्रत्येक घमेल्याला तेवढंच पाणी. मिस्त्रीला पातळ माल आवडतो कारण तो पटकन पसरतो. पण जास्तीचं पाणी उडून जातं तेव्हा त्याच्या जागी टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात, रंग फिका पडतो आणि फट बसते. आधी पाणी, मग पावडर, गुठळ्या मोडेपर्यंत घोटा, पाच-दहा मिनिटं तसंच ठेवा, पुन्हा एकदा घोटा. दुसऱ्यांदा पाणी घालायचं नाही. अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढंच कालवा. घट्ट व्हायला लागलेल्या मालात पाणी मारून तो पुन्हा सैल करणं म्हणजे ती पिशवी फेकून देणं.

रबरी फ्लोटने (रबर लावलेल्या थापीने) तिरकं, फटीला 45 अंशांत, दाबून भरा. फटीच्या दिशेने ओढलं तर पट्टी आतला माल बाहेर काढते. पंधरा-वीस मिनिटांनी, बोट लावल्यावर माल चिकटेनासा झाला की पिळलेल्या स्पंजने पुसा. टपकणारा स्पंज फटीतला रंग धुऊन नेतो. दोन तासांनी टाइलवर आलेली पांढरी साय कोरड्या फडक्याने उतरते. दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस दिवसातून दोनदा हलकं पाणी शिंपडा. प्लॅस्टरला पाणी मारायला कुणी विसरत नाही, ग्राउटही सिमेंटच आहे.

इपॉक्सीचं तंत्र वेगळं. फटी पूर्ण कोरड्या हव्यात, पावसाळ्यात नव्या बाथरूमला पंखा लावून दोन दिवस वाळवा. संच पूर्ण कालवा. अर्धा डबा कालवायचा म्हणून अंदाजाने भाग पाडले की प्रमाण चुकतं आणि तो भाग कधीच कडक होत नाही. दुसऱ्या दिवशी नखाने दाबून बघा, ठसा उठला तर तेवढा भाग खरवडून नव्याने भरावा लागतो, आठवड्याने कडक होईल ही आशा खोटी. कालवल्यावर हातात साधारण पाऊण तास असतो. एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीजवळ गेल्यावर तो बराच कमी होतो, म्हणून काम सकाळी दहाच्या आत, डबे सावलीत, आणि कालवलेला माल बादलीत ढीग करून ठेवण्याऐवजी पाटीवर पसरून. ढिगात तो स्वतःच्याच उष्णतेने तापतो आणि लवकर दगड होतो. महाबळेश्वर-पाचगणीला डिसेंबरमध्ये उलटं होतं, कडक व्हायला दुप्पट वेळ लागतो.

आठ-दहा फटी भरल्याबरोबर पुसायला लागा. एकजण भरणारा, एकजण मागून पुसणारा, असे दोन हात हवेतच. पहिला हात पांढऱ्या नायलॉन पॅडने गोल गोल, दुसरा स्वच्छ स्पंजने, पाणी सतत बदलत. एकाच बादलीच्या पाण्याने सगळं बाथरूम पुसलं की टाइलवर चिकट पापुद्रा राहणारच. हातमोजे घाला, हार्डनरने कातडीला खाज आणि पुरळ येतं. 24 तास पाय ठेवू नका, पाण्याचा आणि ॲसिडचा मारा सात दिवसांनंतर.

जिथे ग्राउट भरायचंच नाही

भिंत आणि जमीन मिळते तो कोपरा, दोन भिंतींचा कोपरा, कमोडचा पाया, बेसिनची कड, ओटा आणि भिंत यांचा सांधा. या जागा हलतात. ग्राउट कडक, ते इथे फुटतंच. इथे सिलिकॉन सीलंट, आणि बाथरूमला बुरशीरोधक लिहिलेलंच. हॉलमध्ये भिंतीलगत 6 ते 8 मिलीमीटर मोकळी जागा सोडा, ती स्कर्टिंगखाली (भिंतीच्या तळाच्या पट्टीखाली) झाकली जाते. मोठ्या हॉलला दर 20 ते 25 फुटांवर आणि गच्चीला दर 8 ते 12 फुटांवर एक रेघ ग्राउटऐवजी लवचिक सीलंटची हवी. उडालेल्या फरश्या बघायला गेलं की बहुतेक ठिकाणी हीच मोकळी जागा मालाने गच्च भरलेली सापडते.

आणि ग्राउट म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. खालच्या खोलीच्या छताला ओल आली म्हणून वरच्या बाथरूमला इपॉक्सी भरून देतो, असं सांगणारे पुष्कळ आहेत. फटीतून उतरणारं पाणी त्याने थांबेल. पण संकनमधल्या (बाथरूमच्या खाली घेतलेल्या स्लॅबमधल्या) ब्रिकबॅट कोब्यात, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या भरावात, आधीच साचलेलं पाणी, पाइपचा सांधा, नहाणी ट्रॅपची गळती यांना इपॉक्सी काहीच करू शकत नाही. आधी ट्रॅप बंद करून पाणी साठवून, मग पाइप वेगळे तपासून गळती कुठली ते ठरवा.

पुराच्या पाण्यातली घरं

सांगलीत 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांत कृष्णेचं पाणी घरांत शिरलं आणि दिवसेंदिवस राहिलं. पाणी ओसरल्यावर सिमेंट ग्राउटच्या रेघा गाळाने तपकिरी झालेल्या असतात आणि कितीही घासलं तरी मूळ रंग येत नाही. इपॉक्सीवरचा गाळ धुऊन निघतो, म्हणून तळमजल्याला ते योग्य. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: टाइल आणि इपॉक्सी दोन्ही पाणी सोडत नाहीत, त्यामुळे खालच्या भरावात शिरलेली ओल बाहेर पडायला जास्त दिवस लागतात. पूर ओसरल्यावर लगेच नवीन ग्राउट भरायला घेऊ नका. काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवून वाळू द्या, प्रत्येक टाइलवर नाण्याने ठोका, जिथे पोकळ वाजतं ती टाइल काढून बसवा, मगच फटी.

जुनं ग्राउट बदलतानाही पोकळ टाइल आधी शोधायची. मग जुना माल ग्राउट सॉने किंवा ऑसिलेटिंग कटरने खरवडायचा, इथेही टाइलच्या जाडीच्या दोन तृतीयांश खोलीपर्यंत. अँगल ग्राइंडर 2 मिलीमीटरच्या फटीत चालवू देऊ नका, एका हिसक्यात टाइलची कड जाते. जुन्यावरच नवा थर फासून दिलेलं काम चार-सहा महिन्यांत पापुद्र्याने निघतं, आणि पैसे दोनदा जातात.

खरेदी करताना सगळ्या पिशव्या एकाच बॅच नंबरच्या घ्या. वेगळ्या निघाल्या तर कोरड्याच एकत्र मिसळून मग कालवा. तारीख बघा, पिशवी हातात दाबून बघा. पावसाळ्यात पाटण-महाबळेश्वरकडच्या गोदामात पडून राहिलेल्या पिशवीत गुठळ्या लागतात. तसली परत द्या, चाळून वापरू नका. आणि काम झाल्यावर एक बंद पिशवी, बॅच नंबर आणि रंगाचं नाव लिहून, हवाबंद डब्यात ठेवा. पुढच्या वर्षी प्लंबरने एक टाइल फोडली तर तोच रंग पुन्हा मिळेल याचा भरवसा नसतो.